ब्रदर ऑरिनच्या पुरचुंड्या

रविवारी दुपारी चार वाजता अख्खं सॉरेल गॅप गाव त्या हिरव्या पट्ट्यात जमलं होतं. अख्खं म्हणजे गेल्या ऑगस्टातल्या वणव्यानंतर जेवढं उरलं होतं तेवढं, साठ-सत्तर माणसं. सिएराच्या त्या डोंगरांवर नजर जाईल तिथवर जळक्या झाडांचे काळे खांब उभे होते, आणि मधोमध हा वीस एकरांचा जुन्या पाइनचा तुकडा जसाच्या तसा हिरवा. लोक घडीच्या खुर्च्या आणि बटाट्याच्या सॅलडचे डबे घेऊन आले होते. एका मोठ्या झाडाखाली प्रवचनकार ब्रदर ऑरिन उभा होता. पांढरा सदरा, छातीपर्यंत दाढी, आणि आवाज तुपात घोळलेला.

"वणव्याने सगळं खाल्लं, मग एवढंच का सोडलं?" त्याने विचारलं. "कारण इथे देवदूताने पंख पसरला होता. तुमची माणसं गेलेली नाहीत, लेकरांनो. त्यांचा फक्त पत्ता बदललाय. आणि पत्ता बदलला की काय लागतं? पोस्टमन लागतो."

लोकांनी माना डोलावल्या. दहा महिने सरकारी ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या डब्यात, काढलेल्या माणसाला कोणी काहीही सांगावं, तो मान डोलावतो.

शेवटच्या रांगेत आर्डिस कॉलब्रुक बसली होती. वय बासष्ट. जंगलखात्यात तिने वीस वर्षं घुबडं मोजली होती. वणव्याच्या दिवशी तिचा नवरा लाइल घराच्या छपरावर बागेची नळी घेऊन उभा राहिला, तो खाली आलाच नाही. तेव्हापासून तिला रडू आलं नव्हतं. भूक लागत नव्हती, पण ती वेळच्या वेळी जेवायची. आजही ती आपणहून आलेली नव्हती. शेजारच्या ट्रेलरमधल्या ओलेटाने तिला हाताला धरून आणलं होतं.

"लाइलला लिहिलंस का?" ओलेटाने विचारलं.

"काय लिहू?"

"काहीही लिही. मी मर्टलशी दर आठवड्याला भांडते. साठ वर्षं बहिणीशी भांडले, आता काय गप्प बसू?"

ओलेटाच्या गालांवर रंग आला होता. आर्डिसने कागद घेतला आणि लिहिलं, "नळी टाक आणि गाडीत बस." घडी करून वर आपलं नाव घातलं आणि पुढे पाठवून दिला.

ब्रदर ऑरिनची पद्धत अशी होती. चिठ्ठी घेऊन तो झाडाशेजारी टांगलेल्या पडद्यामागे जाई आणि करड्या कापडाची, लाल दोऱ्याने बांधलेली पुरचुंडी घेऊन बाहेर येई. ती एका फांदीवर ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायचं.

"बघा, थरथरतेय," तो कुजबुजला. "आत्मा आतुर झालाय."

पुरचुंडी खरंच थरथरत होती. कुणीतरी हुंदका दिला. ब्रदर ऑरिनने तोंडापाशी हात धरून साद घातली, "हू… हू-हू… हूऽ." आणि भर उन्हात, डोक्यांवरून पंखांचा जराही आवाज न करता, एक ठिपकेदार घुबड येऊन फांदीवर बसलं. काळेभोर डोळे, माणसांची तमा नाही. त्याने पुरचुंडी पंजात धरली आणि जळक्या कड्याच्या दिशेने निघून गेलं.

"पोचली," ब्रदर ऑरिन म्हणाला.

आर्डिसला घुबडाच्या उजव्या पायातलं निळं-पांढरं कडं दिसलं होतं. ते तिनेच नऊ वर्षांपूर्वी घातलं होतं, आणि या मादीने तेव्हा तिचा अंगठा फोडला होता.

त्या क्षणी तिला सगळं कळलं. घुबडाचं घरटं शोधायची त्यांच्या खात्याची एक जुनी रीत होती. जंगलात जाऊन घुबडासारखी साद घालायची आणि काठीवर जिवंत उंदीर धरायचा. पिल्लं नसलेलं घुबड उंदीर खाऊन टाकतं. पिल्लं असलेलं घुबड तो घेऊन थेट घरट्याकडे जातं, आणि आपण मागे धावायचं. ही माणसं दरवर्षी येणार, साद घालणार आणि उंदीर देणार, हे या मादीला पाठ झालं होतं. देवदूताला माणसाळवलं होतं ते आर्डिस आणि तिच्या सोबत्यांनीच.

पण ती मूग गिळून बसली. एक तर ओलेटा हसत होती. दुसरं असं की आर्डिसची पुरचुंडी घेऊन घुबड उडालं तेव्हा, आत उंदीर आहे हे ठाऊक असूनही, तिला अर्धा मिनिट वाटलं की चिठ्ठी लाइलला मिळाली. आता बोला! वीस वर्षं घुबडं मोजलेल्या बाईची ही गत, तर बाकीच्यांना काय नावं ठेवायची?

सोमवारी सकाळी ती घरट्याकडे गेली. त्याच हिरव्या पट्ट्याच्या टोकाला, शेंडा तुटलेल्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत ते होतं. खाली विष्ठेचे पांढरे शिंतोडे, घुबडांनी ओकून टाकलेल्या हाडांच्या गोळ्या आणि फाडलेल्या पुरचुंड्या पडल्या होत्या. तीसेक असतील. उंदीर तेवढे खाल्लेले, चिठ्ठ्यांच्या घड्या जशाच्या तशा. त्यांच्यात एक पिल्लू मरून पडलं होतं. त्याच्या चोचीतून लाल दोरा बाहेर आला होता. तो तिने हलकेच ओढून पाहिला, पण दुसरं टोक पार पोटात गेलं होतं.

ढोलीतून दुसरं पिल्लू खाली बघत होतं. वणव्यानंतर त्या खोऱ्यात घुबडांची ही एकच जोडी उरली होती, म्हणजे आता हे एकच पिल्लू. पुढच्या रविवारी आणखी दहा पुरचुंड्या येणार होत्या. आर्डिसला वाटलं, आपल्याला राग यायला हवा. आला नाही. तिने चिठ्ठ्या एकही न वाचता खोक्यात भरल्या, आणि पिल्लू रुमालात गुंडाळून घरी बर्फात ठेवलं.

पुढच्या रविवारी ब्रदर ऑरिनचं प्रवचन सुरू व्हायच्या आत ती खोकं घेऊन पुढे गेली. वरची नावं वाचून ज्याची त्याला चिठ्ठी परत दिली. लोक हातातल्या चिठ्ठ्यांकडे नुसते बघत राहिले.

"या चिठ्ठ्या घुबडाच्या घरट्याखाली पडल्या होत्या," ती म्हणाली.

ब्रदर ऑरिन क्षणभरच गडबडला. उचलली जीभ लावली टाळ्याला. "अर्थात! तिकडे कागद काय कामाचा? मजकूर वाचून घेतला आणि कागद परत पाठवला."

"घडी न उघडता?"

"आत्म्यांना घडी उघडावी लागत नाही, ताई."

"मग उंदीर का लागतो?" आर्डिसने विचारलं. "दहा वर्षांपूर्वी एक उन्हाळाभर तू आमच्याकडे उंदरांचे पिंजरे वाहत होतास. दाढी नव्हती तेव्हा. आवाजावरून ओळखलं मी तुला."

"ही बाई दुःखाने भ्रमिष्ट झालीय," तो लोकांना म्हणाला. "आपण तिच्यासाठी प्रार्थना करू या."

"करा की. त्याआधी एवढं करू या." तिने खिशातून करडं कापड काढलं. ओलेटाच्या हातातली चिठ्ठी त्यात, दोरा न बांधता, गुंडाळून तिला परत दिली.  मग पिशवीतून पांढरा उंदीर काढून फांदीच्या एका टोकाला, कापडाशिवाय, शेपटीला धरून ठेवला. "ओलेटा, तूच मला खोटी ठरव. तुझी चिठ्ठी त्या टोकाला ठेव."

"मी नाही ठेवणार," ओलेटा म्हणाली. मग ती उठून ठेवून आली.

आर्डिसने साद घातली. तिची साद ब्रदर ऑरिनपेक्षा चांगली होती. घुबड आलं, चिठ्ठीच्या शेजारीच बसलं. त्याने चिठ्ठीकडे पाहिलंसुद्धा नाही. उंदीर उचलला आणि घरट्याकडे गेलं. ओलेटाची पुरचुंडी वाऱ्याने फांदीवरून खाली पडली.

पडद्यामागे कुणीतरी पाहून आलं. तिथे पिंजरा होता आणि पिंजऱ्यात सात उंदीर होते. आर्डिसने रुमाल उघडून पिल्लू दाखवलं. त्याच्या चोचीतला दोरा सगळ्यांना ओळखीचा होता. कोणी ओरडलं नाही, कोणी अंगावर धावून गेलं नाही. तेवढी ताकद कुणाच्यात उरलीच नव्हती. ब्रदर ऑरिन आपल्या गाडीत बसून निघून गेला आणि लोक बसल्या जागी बसून राहिले.

"आणि पट्टा?" शेवटी ओलेटाने विचारलं. "उंदीर समजला. पण हा पट्टा का जळला नाही, ते सांग. तिथे कुठला उंदीर होता?"

आर्डिसला हाच प्रश्न नको होता.

"अकरा वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, आम्ही या घुबडांसाठी इथे मुद्दाम आग लावली होती," ती म्हणाली. "जमीन ओलसर असताना लावलेली, गुडघ्याएवढी. वाळक्या सुया, म्हणजे पाइनची गळलेली पानं, झुडपं, मेलेल्या फांद्या तेवढ्या जळल्या. म्हणून गेल्या वर्षीचा वणवा इथे आला तेव्हा त्याला खायला काही मिळालं नाही. तो जमिनीवरून सरपटत गेला, शेंड्यांवर चढला नाही. दुसऱ्या वर्षी गावाच्या चारी बाजूंना तसंच करायचं ठरलं होतं. ते थांबवा म्हणून तुम्ही अर्ज दिलात. धुराने खोकला होतो, कपडे काळे होतात. दोनशे सह्या होत्या. खात्याने काम थांबवलं."

"मी सही केली होती," मागून एक म्हातारा म्हणाला.

"पहिली सही लाइलची होती. त्याला दमा होता. मी घरात भांडण नको म्हणून गप्प बसले." हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि आता सांगतानाही तिचा आवाज हलला नाही.

ओलेटाने जमिनीवरची चिठ्ठी उचलली. "म्हणजे मर्टल वाचली असती."

"कदाचित. वाऱ्याचा भरवसा देता येत नाही. पण घरं सोडून पळायला वेळ मिळाला असता."

ओलेटाने चिठ्ठीवरची माती झटकली. मग ती म्हणाली, "तो चमत्कारच बरा होता गं. त्यात आपला काही दोष नव्हता."

"हो," आर्डिस म्हणाली. "म्हणून तर आपण तो घेतला. मीही घेतला होता, अर्धा मिनिट. पण त्या अर्ध्या मिनिटाने ते पिल्लू मारलं. गेलेल्यांशी बोलायचं असेल तर घरात बसून बोला, मोठ्याने बोला, भांडा. पण जंगलाला काही विचारायचं असेल तर ते इथे येऊन, वाकून, जमिनीला हात लावून विचारा. हा पट्टा पुन्हा सुयांनी भरलाय. घोट्यापर्यंत पाय रुततोय. कोणता देवदूत येऊन तो झाडणार आहे? नोव्हेंबरात जमीन ओली झाली की दंताळी घेऊन या. खात्याची परवानगी मी आणते. धूर होईल आणि खोकला येईल. वणव्याला नवस कळत नाही. त्याला वाळलेलं लागतं, आणि ते काढून ठेवणं आपल्या हातात आहे."