वजनाला माणसं

भाऊजींची शववाहिका माझ्या गॅरेजच्या वळणावर आली की मला न बघता कळायचं. आधी खडखड, मग धप्प, मग पुन्हा खडखड. मागचे शॉकअप, म्हणजे चाकांचे दणके गिळणारे दांडे, कधीचेच कामातून गेले होते. बदलून घ्या म्हणून मी किती वेळा घसा कोरडा केला, पण भाऊजींचं उत्तर ठरलेलं. माझ्या गिऱ्हाइकांनी आजवर एकदाही तक्रार केलेली नाही, म्हणायचे, आणि स्वतःच्याच विनोदावर खुदुखुदु हसायचे. ताईला हा विनोद मुळीच आवडत नसे. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याच्या त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. बाजारातून जड पिशव्या घेऊन पायी येईल, पण त्या दाराला हात लावणार नाही.

त्या सकाळी भाऊजी हसले नाहीत. किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "तुझ्या ताईला घरी आणायचंय. हिच्यातून."

ताईचा आजार मणक्यात उतरला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि तिनं एकच हट्ट धरला होता, मरायचं तर आपल्या खोलीत, आपल्या खिडकीपाशी. बसणं तिला शक्य नव्हतं. आडवं नेईल अशी रुग्णालयाची एकच गाडी, ती पेशंट आणायला जायची, घरी पोचवायला नाही. चादरीची चुणी पाठीखाली आली तरी ताई ओठ चावायची, आणि घराच्या रस्त्यावर तर धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी व्हावीत असे खड्डे. मला भाऊजींचा संताप आला. वेळेवर ऐकलं असतं तर, असं अगदी जिभेवर आलं होतं. त्यांचा चेहरा बघितला आणि गिळलं.

गाडीचा मागचा एकेक कोपरा खाली दाबून सोडला. शॉकअप धड असेल तर गाडी एकदा वर येते आणि थांबते. ही कितीतरी वेळ मान डोलावत राहिली. टायर जागोजाग झिजलेले, डाव्या शॉकअपवरून तेल ओघळून त्यावर धूळ चिकटलेली. पण धप्प नेमकं कुठून येतं आणि झोपलेल्या माणसाला कुठं लागतं, हे उभ्यानं कळेना. त्याला एकच उपाय होता. भाऊजींना चालवायला बसवलं आणि मागच्या स्ट्रेचरवर मी आडवा झालो.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. छत नाकावर आल्यासारखं वाटत होतं. पहिल्या खड्ड्यात टाचा आपटल्या, दुसऱ्यात दात. डावीकडून दणका येत होता तो सरळ पाठीच्या कण्यात. माझ्या जागी ताई आहे असं मनात आलं आणि मी ओरडून गाडी थांबवायला लावली.

शॉकअप दोन्ही नवे आणले. एकच बदलून भागत नाही, गाडी लंगडी होते. गंजलेले बोल्ट हटून बसले होते, त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. स्प्रिंग शिकंज्यात आवळून वरचा नट सोडताना भाऊजींना लांब उभं केलं, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचं तोंड फोडते. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. हातातलं फडकं पिळत ते पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, तिला काही कळणार नाही ना, काहीच कळणार नाही ना.

मग मी चालवायला बसलो आणि ते मागे आडवे झाले. खडखड पार गेली होती. मी खुशीत गाडी थांबवून दार उघडलं, तर भाऊजींचा चेहरा पडलेला.

"कडक आहे रे," ते म्हणाले. "उडतोय मी."

चूक गाडीची नव्हती. शॉकअप भरल्या गाडीच्या मापाचे होते. हिच्या मागच्या बाकांवर नेहमी माणसं बसलेली, रिकामी अशी ती जायचीच नाही. वजन असलं की मऊ चालते. आणि ताईच्या अंगात वजन म्हणून काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, वाळूची पोती टाकू. पोतं घसरून तिच्या अंगावर आलं तर, असं म्हणून भाऊजींनी ते उडवून लावलं. माणसं बसवू, म्हणाले, माणसं धरून बसतात.

म्हणून दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या दारात आम्ही सगळे गाडीत भरलो. मी, माझी बायको, भाऊजींचे थोरले भाऊ, त्यांची बायको, आणि अंगानं दोघांना भारी म्हणून मुद्दाम बोलावलेला शेजारचा शिंपी. समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. मधे ताई. कुणाला कुठं बघावं कळेना. तिनं डोळे फिरवून एकेकाकडे पाहिलं.

"रंगीत तालीम करताय होय माझी?" ती म्हणाली.

शिंपी आधी हसला, मग आम्ही सगळे, आणि माझी बायको हसता हसता रडायला लागली. भाऊजी गाडी गोगलगाईसारखी चालवत होते. रस्ताभर मी ताईच्या ओठांवरून नजर काढली नाही. तिनं ते एकदाही चावले नाहीत. घरापाशी भाऊजींनी दार उघडलं तेव्हा तिनं त्यांना जवळ बोलावलं.

"उगाच घाबरत होते मी हिला," ती म्हणाली. "परत हिच्यातूनच न्या. दुसरी नको."

भाऊजींनी मान हलवली.

खिडकीपाशी ती थोडेच दिवस होती. गेली त्या दुपारी भाऊजींनी गाडीचं दार उघडलं आणि आम्ही चढलो, ज्याची जी जागा होती तिथंच. शिंपी हातातलं काम टाकून आला होता, गळ्यात टेप तशीच. वजनाची आता गरज नव्हती, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

मोठ्या खड्ड्याशी भाऊजींनी गाडी जवळजवळ थांबवली आणि एकेक चाक हळूच उतरवलं. मागून कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"लागलं का रे तिला?"

मी ताईच्या ओठांकडे पाहिलं.

"नाही भाऊजी," मी म्हणालो. "काहीच कळलं नाही तिला."