सायकलनं दगा दिला म्हणे!

मित्रांनो, गोठ्याच्या कुडाला टेकून उभी असलेली, घंटी नसलेली ती जुनी काळी सायकल म्हणजे मी. माझ्या सीटवर कोंबडी बसते म्हणून मला भंगार समजू नका. आणि समजलात तरी एक वेळ मी सोसेन. पण आंबागडात माझं दुसरंच नाव पडलं आहे, दगा देणारी सायकल. ते मला सोसत नाही, म्हणून आज तोंड उघडते आहे.

माझा जन्म कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फक्त रंगाचा वास आणि अंगाला गुंडाळलेला खाकी कागद आठवतो. त्र्याहत्तर साली भैय्याजींनी मला तुमसरच्या दुकानातून घेतलं, लेकीच्या लग्नात आंदण द्यायला. त्यांची लेक रुखमा आणि जावई तुलाराम. मांडवात पाणी भरायच्या तांब्याच्या गुंडांशेजारी मला हार घालून उभं केलं होतं. खरं सांगते, त्या दिवशी नवरीपेक्षा माझ्याभोवतीच गर्दी जास्त होती. पोरं घंटी वाजवून वाजवून दमली.

निघताना रुखमाची आई गिरजाबाई आली. तिनं माझ्या हँडलला कुंकू लावलं आणि तुलारामला म्हणाली, "जावईबापू, ही गाडी मिरवाले नाई देल्ली. माह्या पोरीले दर मंडईले घेऊन येजा."

तुलारामनं माझ्या घंटीवर हात ठेवला. "आनीन, मामी." सासूला तो मामीच म्हणायचा.

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं आणि दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक. ज्या गावची मंडई, त्या गावच्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात. रुखमाचं माहेर धानाच्या बांध्यांपलीकडे होतं. तिकडे एस.टी. जात नव्हती, मी जात होते. रुखमानं आपल्या जुन्या लुगड्याची गादी शिवून माझ्या कॅरिअरला बांधली होती. गाव जवळ आलं की तुलाराम लांबूनच घंटी वाजवी आणि गिरजाबाई शिवेपर्यंत येऊन उभी राही. पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, भैय्याजी गेले, पण घंटी ऐकली की ती म्हणायचीच, "आली माही रुखमा."

ते दिवस माझ्या सुखाचे होते. तुलाराम मला पोळ्याच्या बैलासारखं धुवायचा. चेनला तेल, चाकांत रंगीत फुलं, सीटला झालर. फक्त माझ्या ब्रेककडे त्यानं कधी पाहिलं नाही. आमचा मुलूख परातीसारखा सपाट. थांबायचं झालं की दोन्ही पाय खाली टेकवायचे, झालं! गावात साऱ्यांचीच ही रीत. माझ्या ब्रेकचे रबर झिजून पत्र्याला लागले, तरी कुणाचं काही अडलं नाही.

मग गावालगतच्या एकुलत्या एक डोंगराच्या, किल्ल्याच्या डोंगराच्या, पायथ्याशी बगीचा झाला. झोपाळे आले, सिमेंटची बाकं आली आणि मुरूम टाकलेली एक वाट वळणं घेत डोंगरावर गेली. आमच्याकडे पानठेला चालवणाऱ्या ईश्वरनं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की परदेशात लोक हौसेनं डोंगरावर सायकली चालवतात. झालं, ठेल्यावर रोज एकच वाद. आपला बगीचा सायकलीच्या कामाचा आहे का नाही? कुणी म्हणे चढेल, कुणी म्हणे अर्ध्यातच दम तुटेल. मित्रांनो, सारे चढण्याचंच बोलत होते. उतरायचं कसं, हे त्या सपाट मुलखातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

ईश्वर तुलारामला म्हणाला, "तुही गाडी आंदनातली. चढली तं तुहीच चढन. का भेतं बे?"

"भेतं कोन? उद्याच चढवतो," तुलाराम म्हणाला.

त्याच आठवड्यात रुखमाच्या माहेरहून निरोप आला होता. गिरजाबाईनं खाट धरली आहे, या मंडईला चुकू नको. रुखमानं चार दिवस आधीच गाठोडं बांधून ठेवलं. मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी तुलाराम तिला म्हणाला, "तुमसरले जाऊन येतो. मामीसाठी पेढे आनतो." रुखमाचा चेहरा केवढा उजळला! ती हसतच विहिरीवर गेली.

ती वळणाआड होताच त्यानं मला गोठ्यात ओढलं आणि पाना काढला. ओझं कमी झालं तर चढायला बरं, असं ईश्वरनं सांगितलं होतं. मडगार्ड काढले. चेनकव्हर काढलं. पुढच्या ब्रेकची सळई नुसती खडखडते म्हणून तीही काढली. शेवटी कॅरिअर काढलं आणि रुखमाच्या गादीसकट बैलांसाठीच्या तणसाच्या ढिगामागं लपवलं. मला तेव्हाच धस्स झालं. पण आम्हाला बोलता येत नाही आणि घंटी आपणहून वाजत नाही.

चढाई झाली. अर्धी माझी, अर्धी ढकलून. मागून ईश्वर टाळ्या पिटत धावत होता. वरच्या वळणावर तुलारामनं मिशीवरून हात फिरवला, खाली उभ्या मंडळींकडे पाहिलं आणि माझं तोंड उताराकडे वळवलं. मग मी धावू लागले. मुरूम चाकाखालून सटासट उडू लागला. त्यानं सवयीप्रमाणे पाय टेकवले, तर एक चप्पल झुडपात गेली. उरलेला ब्रेक दाबला, तर नुसता पत्रा कर्कश ओरडला. खालच्या वळणावरचं सिमेंटचं बाक मला दिसत होतं, त्यालाही दिसत होतं, आणि आम्ही दोघंही काही करू शकत नव्हतो. मी बाकावर आदळले. चाक धरणारा पुढचा चिमटा वाकला, चाकाचा आठ झाला. तुलारामचा गुडघा फुटला.

"पन चढली ना!" ईश्वर म्हणाला. धन्य तो ईश्वर!

दुपारी तुलारामनं मला खांद्यावर टाकून घरी आणलं. अंगणात रुखमा उभी होती. तिनं आधी त्याचा गुडघा पाहिला, मग मला.

"तुमसरच्या रस्त्यावर ढोरं आडवी आली," तो म्हणाला. "ब्रेकच नाई लागला. सायकलनं दगा देल्ला."

मित्रांनो, चिमटा वाकला तेव्हा मला इतकं दुखलं नव्हतं. नऊ वर्षं मी त्याला पाठीवर वाहिलं होतं, चिखलातून, उन्हातून, आजारपणात. आणि त्यानं आपली चूक उचलून सरळ माझ्या अंगावर टाकली, तीही रुखमासमोर. ती मला विश्वासाची समजत होती हो!

संध्याकाळी रुखमा बैलांना तणस घालायला गोठ्यात आली. तिचा हात कशाला तरी लागला. तिनं कॅरिअर बाहेर ओढलं, गादीवरचं तणस झटकलं आणि ते घेऊन ती ओसरीत गेली.

"तुमसरच्या रस्त्यावर पडले ना तुमी?"

"हो. काहून?"

"मंग हे घरी काहून ठेवून गेल्ते? आईसाठी पेढे कायच्यावर आननार होते?"

तुलाराम गुडघा चोळत राहिला.

पहाटे ती एकटीच निघाली. निघण्याआधी गोठ्यात आली, पाना घेतला आणि माझी घंटी काढून गाठोड्यात ठेवली. मला काही कळलं नाही. कळलं ते ती परत आली तेव्हा. तुलारामनं विचारलं, "मामी कशी हाय?" ती माझ्याजवळच उभी होती.

"आईले आता दिसत नाई. दाराबाहीर उभी राहून मी घंटी वाजवली. आई म्हने, जावईबापू आले का? गाडीवर आनलं ना तुले? मी हो म्हनली." तिनं घंटीच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "मरनाऱ्या मायशी मी खोटी बोलली. तुमच्यासाठी. घंटी तिथंच रायली, तिच्या उशाशी."

गिरजाबाई त्याच महिन्यात गेली.

पुढच्या वर्षी मंडई आली आणि रुखमाला भावाचं बोलावणं आलं. तुलारामनं मला दुकानात नेलं. चिमटा सरळ झाला, चाक नवं आलं, काढलेली सळई परत बसली, दोन्ही ब्रेकना कोरे रबर लागले. घंटीही तो नवी बसवणार होता, पण रुखमा नको म्हणाली. त्यानं गादी धुवून कॅरिअरला बांधली आणि मला अंगणात आणलं. "बस," तो हळूच म्हणाला.

रुखमानं गादीवर गाठोडं ठेवलं आणि पायी चालू लागली. तोही मला हातात धरून मागे निघाला. बांध्यांच्या वाटेवर गावचे पुंडलिकराव भेटले.

"का रे तुलाराम, गाडी असून पैदल?"

रुखमा थबकली. तिनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. मीही वाट पाहत होते. आता तरी बोल रे बाबा, एक शब्द.

"भरोसा नाई जी हिचा," तुलाराम माझ्या सीटवर थाप मारत म्हणाला. "मांगं दगा देल्ला होता ना हिनं."

रुखमानं मान वळवली आणि ती भराभर पुढे निघून गेली.

मित्रांनो, आम्हाला तेल द्या, पावसात भिजू देऊ नका, हे तर मी म्हणेनच. पण नाही दिलंत तरी चालेल. फक्त तुमच्या हातून काही मोडलं, तर मोडलं म्हणा. आमच्या नावावर घालू नका. पुंडलिकराव भेटले त्या दिवशी माझे दोन्ही ब्रेक अगदी नवे होते, आणि ते एकदा दाबून पाहायची गरजसुद्धा त्याला वाटली नाही.