दहाचे आठ, आठाचे सहा

त्या दिवशी सकाळी काकांना महिन्याभरात पहिल्यांदा खरं बोलायची संधी मिळाली, आणि त्या आनंदात त्यांनी चहात साखर दोनदा घातली.

काकांचं काम तसं तीन ओळींचं. किनाऱ्यापासून दीड मैलावर पाण्याखाली एक लांबट खडक आहे. लांबून आलेली लाट त्याला अडखळते, उभी राहते आणि फुटते. त्या लाटेवर बोर्ड घेऊन घसरायला हौशी मंडळी बोटीने जातात. जाण्याआधी त्यांना तीन गोष्टी कळाव्या लागतात. लाट किती फूट, वारा कुठून, आणि ओहोटी किती वाजता. कारण पाणी उतरलं की खडक वर येतो आणि मग पडणाऱ्याची पाठ सोलून निघते. हे तिन्ही सांगायचं काम काकांचं. बोर्ड-दुरुस्तीच्या दुकानावर त्यांची खोली होती. खोलीत दोन स्क्रीन, एक कुरकुरणारी खुर्ची आणि खालून येणारा राळेचा उग्र वास. समुद्रात नांगरून ठेवलेला बोया, म्हणजे लाटा मोजणारा तरंगता पिंप, रात्रभर आकडे पाठवायचा. काका ते वहीत उतरवायचे, थोडं डोकं खाजवायचे आणि सव्वासहाला धक्क्यावरच्या तिकीट-खिडकीत फोन करायचे. खिडकीत काकू बसायच्या. त्या तो आकडा बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायच्या, आणि त्यावर सगळ्यांचा दिवस ठरायचा.

धक्क्यावरून खडकावरची लाट दिसायची, पण दिसायची ती पांढरी रेघ. ती चार फुटांची की चौदा, हे सांगायला देवाचेच डोळे हवेत. पाण्यातून परत आलेल्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. लाटेची उंची सांगताना त्यात स्वतःची उंची मिळवल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. त्यामुळे फळा म्हणेल ते खरं.

आणि त्या फळ्यावरच काका महिनाभर खोटं लिहवून घेत होते.

कारण बारकी. बारकी म्हणजे काकांच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ-भावजय नोकरीच्या मागे दूर गेले, तेव्हा सहा वर्षांच्या बारकीला काका-काकूंकडे ठेवून गेले, ती आता एकोणीस वर्षांची झाली होती आणि काकांपेक्षा चार बोटं उंच होती, तरी नाव बारकीच राहिलं. खालच्या दुकानात ती बोर्ड घासायची आणि सुट्टीच्या वेळी किनाऱ्यालगतच्या साध्या लाटांवर खेळायची. महिन्यापूर्वी जेवताना तिने जाहीर केलं, "आता खडकावर जाणार. चार फुटाला तिथे लाट नीट उठत नाही आणि आठाला फक्त जुन्या, सरावलेल्या लोकांनी जायचं, हे मला ठाऊक आहे. ज्या दिवशी सहा असेल त्या दिवशी जाणार. सहाच्या वर एक इंच नाही. वचन."

वचनात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, आणि तीच अडचण होती. काका नुसतं "बघू," म्हणाले, आणि भाकरी तशीच ताटात ठेवून उठले. मला भीती वाटते, असं सरळ म्हणायला त्यांची जीभ रेटेना. लहानपणी बारकीला अंधाराची भीती वाटे, तेव्हा हेच काका तिला सांगत, भीती वगैरे काही नसतं.

दुसऱ्या दिवशी बोया सहा म्हणाला आणि काका फोनवर आठ म्हणाले. त्यानंतर रोज दोन फूट जास्त. त्या महिन्यात समुद्र बराच सहाच्या आसपास राहिला आणि बारकी एकदाही गेली नाही. युक्ती लागू पडली, असं काकांना वाटलं. वाटलं खरं, पण रोज सव्वासहाला फोन उचलताना चोरी केल्यासारखा घाम फुटायचा.

आणि आज बोया दहा म्हणत होता. दूर कुठेतरी मोठं वादळ झालं होतं आणि तिथून निघालेल्या लाटा सतरा-सतरा सेकंदांच्या अंतराने येत होत्या. इतक्या लांब पल्ल्याच्या लाटा म्हणजे जड काम. काकांना हायसं वाटलं. आज खऱ्यानेच भागत होतं, वर खोटं कशाला?

"दहा," काका फोनवर ठणठणीत आवाजात म्हणाले. "वारा जमिनीकडून, हलका. ओहोटी साडेदहाला. लिहिलंस?"

"लिहिते," काकू म्हणाल्या.

आठ वाजले, पहिली बोट सुटायची वेळ झाली, तशी काकांना राहवेना. बारकीचं तोंड कसं उतरलं असेल ते ऐकावं, जमलं तर संध्याकाळी तिला काहीतरी गोडधोड आणून द्यावं, अशा विचाराने त्यांनी पुन्हा फोन लावला.

"काय गं, बारकी येऊन गेली का फळ्याकडे?"

"येऊन गेली? बोटीत बसूनसुद्धा गेली," काकू म्हणाल्या. "आत्ताच सुटली बोट."

"कशी गेली? फळ्यावर दहा बघूनही गेली?"

"दहा कुठे? आठ लिहिलंय."

"अगं, मी दहा सांगितलं!"

"हो ना. मग तुमचे दोन काढून आठच उरणार."

काकांना आधी वाटलं, आपण झोपेत आहोत. मग वाटलं, काकू झोपेत आहेत. "माझे दोन? कुठले दोन?"

"अहो, मला काय कळत नाही?" काकूंचा आवाज आता जरा चढला. "महिन्यापूर्वी तुम्ही आठ सांगितलं आणि बोटवाला परत येऊन मला म्हणाला, सहाच आहे की, कुणी लिहिलं हे आठ? मी समजले. पोरीसाठी जीव तुटतोय, तर तुटू दे, म्हटलं. पण फळा पोरीच्या एकटीचा नाही. तेव्हापासून तुमच्या आकड्यातून दोन वजा करूनच लिहिते. तुम्हाला बोलले नाही, कशाला उगाच सकाळी सकाळी भांडण?"

काकांनी वही ओढली. म्हणजे बोया म्हणे सहा, आपण म्हणायचो आठ, फळा म्हणे सहा. म्हणजे पहिला दिवस सोडला तर महिनाभर फळ्यावर खरंच लिहिलेलं होतं! मग बारकी गेली का नाही? सहाची तर ती वाट बघत होती. आणि तेव्हा न जाणारी पोर आज आठाला कशी गेली? काकांनी पेन्सिलीने सहा लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. मेळ बसेना.

"आठाला जाणार नाही म्हणाली होती ती," काका म्हणाले. "वचन दिलं होतं."

"मलाही तेच वाटलं. पण फळ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, काकू, आज शेवटी सहा झाले. मी म्हटलं, झोप उडाली नाही वाटतं अजून हिची. तोवर गिऱ्हाईक आलं आणि—" काकू थांबल्या. "अहो, ती असं का म्हणाली?"

काकांच्या डोळ्यांसमोर एकदम ती पहिलीच सकाळ आली. बारकी चहा घेऊन वर आली होती. टेबलावर वही उघडी होती, वहीत सहा, आणि काका फोनवर आठ म्हणत होते.  त्या दिवशी तिला सुट्टी नव्हती, त्यामुळे कप ठेवून, कपाळावरची राळ पुसत ती खाली कामाला निघून गेली होती. त्या दिवसापासून काका वही खणात ठेवू लागले, पण जे बघायचं ते तिने तोवर बघून घेतलं होतं.

म्हणजे तीही वजा करत होती. फळ्यावरच्या खऱ्या सहातून काकांचे दोन काढून ती महिनाभर चार समजत होती आणि बोटीत बसणाऱ्यांची कीव करत होती. आज दहाचे काकूंनी आठ केले आणि आठाचे तिने सहा.

 फोन तसाच लोंबकळत टाकून काका जिना उतरले. एका पायात चप्पल होती, दुसऱ्या पायातली जिन्यातच राहिली.

धक्क्यावर पोचले तेव्हा काकू खिडकीतून अर्ध्या बाहेर येऊन वायरलेसवर ओरडत होत्या. बोटीचं इंजिन चालू असलं की बोटवाल्याला काही ऐकू जात नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तरी त्या ओरडत होत्या आणि काका बाजूला उभे राहून "ओरड, ओरड" म्हणत होते. बोट खडकाशेजारच्या शांत पाण्यात जाऊन थांबायला पंचवीस मिनिटं लागतात. तेवढी लागलीच.

खरखर झाली आणि बोटवाल्याचा आवाज आला. "काय झालं वहिनी?"

"बारकीला दे," काकांनी वायरलेस हिसकावून घेतला. "लगेच दे. पाण्यात नाही ना गेली?"

"बोर्डला दोरी बांधतेय. दोघं जुने उतरलेत. घ्या, देतो."

"काका?" बारकीचा आवाज उत्साहाने फुटत होता. "रागावू नका हं. सहाला जाईन म्हणाले होते, सहाला आलेय."

"बारके, सहा नाही. दहा आहे. दहा!"

पलीकडे ती हसली. "काका, फळ्यावर तर आठ होते. आता दहा झाले? थोड्या वेळाने बारा होतील."

"तुझ्या काकूने दोन कमी केले. मी दोन जास्त सांगायचो म्हणून. पण आज सांगितले नव्हते. आज मी खरं बोललो."

"आज?"

"हो, आज."

"आणि काल?"

काकांनी वायरलेस एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. काकूंनी कोपर मारलं.

"काका, इथे पाणी आरशासारखं आहे," बारकी म्हणाली. "मी समोर बघतेय ना. सहासुद्धा नाही. मी उतरते आता."

"थांब! लांबच्या लाटा आहेत या. मध्ये अशी शांतताच असते, मग एकदम पाच-सहा येतात. पंधरा मिनिटं बोटीत बस. पंधरा मिनिटं बघ आणि मग काय ते कर."

"पंधरा म्हणजे ओहोटी होईपर्यंत, असंच ना? कळतात मला तुमच्या युक्त्या."

काकांना वाटलं, आता वारा सांगावा, सेकंद सांगावे, बोया आणून तिच्या हातात द्यावा. पण कुठला आकडा सांगणार? दहा म्हटलं तर ती आठ ऐकणार, बारा म्हटलं तर दहा ऐकेल, पण त्या दहातूनही पुन्हा दोन काढणार नाही ना, आणि तेवीस वर्षं आकडेच सांगितलेल्या माणसाने दुसरं सांगायचं तरी काय? 

"बारके," ते म्हणाले, "आकडा सोड. मला भीती वाटते गं. तू सांगितलंस त्या रात्रीपासून वाटतेय. जेवण जात नाही. हे सांगायची लाज वाटली, म्हणून खोटे आकडे सांगितले. तुला काही झालं तर मला पुढे काही सुचणार नाही. बस, एवढंच खरं आहे."

 काकूंनी पदर तोंडाशी धरला होता. तिकिटासाठी उभा असलेला एक माणूस हळूच दोन पावलं मागे सरकला.

"हे महिन्यापूर्वी सांगायचं होतं ना, काका," बारकी शेवटी म्हणाली. आवाजातलं हसू गेलं होतं. "बरं. पंधरा मिनिटं बसते."

ती पंधरा मिनिटं काका एका चपलेवर उभे होते. काकू म्हणाल्या, बसा. ते बसले, उठले, पुन्हा बसले. लांबवर पांढरी रेघ होती आणि ती नेहमीसारखीच दिसत होती. मध्येच ती जाड झाल्यासारखी वाटली, मग वाटलं, डोळ्यांत पाणी आलं असेल. त्यांनी डोळे पुसले तरी रेघ जाडच होती.

मग खरखर झाली. बारकी बोलत होती, पण जरा धापा टाकत.

"काका. आल्या. बोट मागे घेतली आम्ही." ती थांबली. "दहा नाहीयेत."

काका ओरडले, "म्हणजे? लहान आहेत?"

"बारा आहेत. जास्तच असतील. त्या दोघा जुन्यांतल्या एकाच्या बोर्डाचे दोन तुकडे झाले. त्यांना वर घेतलंय, पाय सोललाय, बाकी ठीक आहेत. दुसरेही आले बोटीत."

काका खाली बसले. महिनाभर खोटे आकडे सांगितले तेव्हा कुणाला खरचटलं नव्हतं. आज मन लावून, खरा म्हणून जो आकडा सांगितला, तो दोन फुटांनी कमी निघाला होता. याला काय म्हणायचं, ते त्यांना कळेना. रडू येतंय की हसू, तेही नीट कळेना.

"काका, ऐकताय ना?" बारकी म्हणाली. "बारा लिहायला सांगा काकूला. दुसरी बोट सोडू नका. आम्ही निघालोच, अर्ध्या तासात पोचतो."

"या, या," काका म्हणाले. "सावकाश या."

काकूंनी फळा पुसला आणि बारा लिहिले. या वेळी त्यांनी काही वजा केलं नाही. काका तिथेच, एक पाय उघडा, समुद्राकडे तोंड करून बसून राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी मान वळवली. "अगं," ते हळूच म्हणाले, "अर्धा तास म्हणाली ती. म्हणजे अर्धाच ना?"

काकूंनी खिडकीतल्या घड्याळाकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं. हातातला खडू मात्र त्यांनी खाली ठेवला नाही.