डागापर्यंत

माझ्या भैरू दाजींनी पाच वर्षं शिंप्याची टेप जपून ठेवली. दर दिवाळीला लेकीला, हर्षदाला उभं करायचं, छातीभोवती टेप धरायची आणि आकडा भिंतीवर लिहायचा. शिरूरच्या शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीची छाती साठ सेंटीमीटर भरली की बरगडीचं मऊ हाड काढून त्याचा डावा कान करता येईल. जन्मापासून तिथं शेंगदाण्याएवढा मांसाचा गोळा, भोकसुद्धा नाही. यंदा टेप एकसष्टवर गेली आणि दाजी पोरीला नि पेढ्यांना घेऊन मांडवगण फराट्याहून दौंडला माझ्या रेल्वे क्वार्टरवर हजर. मला पेढ्यांचाच राग आला. अजून काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या डेमू गाडीनं आम्ही पुण्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी हर्षदाचे केस वर केले आणि विचारलं, "हा डाग कसला?"

"ल्हानपणी चुलीवर पडले," हर्षदानं पाठ असलेलं उत्तर दिलं. दाजी फरशीकडे बघत राहिले.

बाईंनी नीट समजावून सांगितलं. हाडाचा कान कोरायचा, पण त्यावर पांघरूण हवं. डागाजवळची कातडी निबर झालेली, ती ताणणार नाही. मग डोक्याच्या कातडीखालचा पातळ पडदा खाली ओढून घ्यायचा, पण त्याला रक्त देणारी शीर जिवंत पाहिजे. ती कानापुढून वर जाते. रक्त नसेल तर आतलं हाड कुजतं.

मग त्यांनी शिरेतलं रक्त ऐकवणारं पेनासारखं यंत्र आधी उजवीकडे टेकवलं. सूं सूं असा मोठा आवाज आला आणि हर्षदा हसली. डावीकडे आवाज गालाजवळ लागला, थोडा वर चढला आणि डागाशी थांबला. बाईंनी चार-पाच वेळा फिरवून पाहिलं. कानामागंही काही लागलं नाही.

"भाजलंय ते नेमकं शिरेवर," त्या म्हणाल्या.

"उजवीकडची शीर आणून जोडता येत न्हाई का?" मी विचारलं.

"जोडायला इथं धाग्याएवढीही उरलेली नाही. चांगली बाजू खराब करून आणि बरगडी वाया घालवून मी हे करणार नाही. मोठी झाली की चिकटवायचा कान मिळेल."

"म्हंजी काढून ठेवायचा?" हर्षदानं विचारलं.

पोर चुलीवर कधी पडलीच नव्हती. दाजींच्या घरी तेव्हा मेंढरं होती. मेंढरू मान टाकायला लागलं की विळ्याचं तापलेलं टोक टेकवायचं, ही त्यांची रीत. आठ महिन्यांच्या हर्षदाचा कान झोपलाय, डाग दिला की उघडेल, असं सगळ्यांनी ठरवलं. माझी बहीण गीता रडत गोठ्यात जाऊन बसली. दाजींनी विळा टेकवला. मी आयटीआय झालेला, गावात शहाणा म्हणून मिरवणारा. मी पोरीचे पाय दाबून धरले.

परतीच्या गाडीत हर्षदा खिडकीशी बसली, उजवा कान बाहेरच्या वाऱ्याकडे. दाजी तिच्या डावीकडे. यवत गेल्यावर ते त्या नसलेल्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "म्या डागलं तुला, बाळा. म्याच."

तिला काही ऐकू गेलं नाही. ती उसाच्या ट्रॉल्या मोजत होती.

"दाजी, समोर बसून सांगा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "हितूनच जमतंय."

मला त्यांची किळस आली आणि लगेच माझीही आली.

केडगावला गाडी थांबली. चाकांचा आवाज गेला तशी ती दाजींकडे वळली. बराच वेळ मनात घोळत असावं.

"आप्पा, मी तवा चुलीपाशी गेले नसते, तर आज कान झाला असता ना?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले.