म्हणे, माझा डावा कोपरा मऊ!

मी चाळीसची लेन्स बोलतेय. चाळीस मिलिमीटरची. अंगानं चपटी, दोन बिस्किटं एकावर एक ठेवली की झाली माझी जाडी. ते झूम वगैरे मला जमत नाही. जवळचं हवं तर दोन पावलं पुढे या, जास्त मावायला हवं तर दोन पावलं मागे जा. पाय दिलेत ना? इतकं माझं काम सरळ. तरीही पंधरा दिवसांत माझी जी शोभा झाली, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझ्या काचा एकामागे एक बसवल्या. मला उजेडाकडे धरलं आणि म्हणाली, "झाली छान!" माझ्याबद्दल कुणी आढेवेढे न घेता चांगलं बोललं, ते तेवढंच.

मग मी आले एका घरात. एकटी नाही, पस्तीस आणि पन्नास या माझ्या दोन बहिणींसकट. तिघी जवळपास एका मापाच्या, तिघी चांगल्या. पण मालकानं ठरवलं होतं की तिघींना घरी आणायचं, पारखायचं, एक ठेवायची आणि दोघींना तीन आठवड्यांच्या आत दुकानात परत करायचं.

हा मालक दातांच्या कवळ्या बनवतो. केसभर फरक पडला तरी कवळी टोचते, त्यामुळे मोजमाप त्याच्या हाडात मुरलेलं. काहीही विचारा, उत्तर एकच, "थांब, बघू." म्हणून घरात त्याचं नावच पडलं थांबबघू. कवळीसाठी ही सवय उत्तम हो! पण माणसांसाठी?

लेन्स घ्यायचं कारण ऐका. थांबबघूचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान. दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं श्वास बाहेर सोडावा, एवढं. एक्केचाळीस वर्षं ते तिथं एकाच टेबलाशी बसले. आता त्या जागी लिफ्ट येणार होती. पंधरवड्यानंतरच्या रविवारी दुकान रिकामं करायचं होतं. म्हाताऱ्यानं लेकाकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. "टेबलाशी बसलेला माझा एक फोटो काढ रे. हातात घड्याळ असताना."

"काढू की बाबा. आधी चांगली लेन्स ठरू दे."

बस्स. बोलणं तिथं संपलं आणि माझा संताप तिथून सुरू झाला.

लेन्स ठरवायची कशी? तर या शहाण्यानं एक वर्तमानपत्र घेतलं, बाबांच्या टेबलामागच्या भिंतीला चार टाचण्यांनी ठोकलं आणि कॅमेरा तिपाईवर लावून त्याचे फोटो काढायला लागला. कारण काय, तर भिंत सपाट आहे, बारीक अक्षरं आहेत, कोपऱ्यातलं अक्षर कुठली लेन्स स्पष्ट दाखवते ते कळतं. रोज संध्याकाळी कामावरून आला की हेच. आज मी, उद्या पस्तीस, परवा पन्नास, पुन्हा पहिल्यापासून.

आणि बाबा? पहिल्या दिवशी ते निळा शर्ट इस्त्री करून, भांग पाडून बसले होते. हातात घड्याळ, डोळ्याला भिंग. ते भिंग माझ्या लांबच्या नात्यातलं. एक्केचाळीस वर्षं त्याच एकावर त्यांनी शहरभरची घड्याळं चालती केली, दुसऱ्याशी ताडून बघितलं नाही कधी.

थांबबघूनं माझ्यातून बघितलं आणि म्हणाला, "बाबा, जरा बाजूला सरका. बातमी झाकली जातेय."

मला वाटलं, फुटून जावं! अहो, समोर जिता माणूस बसलाय आणि तुम्ही त्याला सरकवून शिळ्या बातमीचा फोटो काढताय? बाबांनी स्टूल डावीकडे ओढलं आणि ते तिरके बसून हातातलं काम करत राहिले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा इस्त्रीचा शर्ट. तिसऱ्या दिवशीही. सूनबाईंना राहवेना. "अहो, बाबा रोज शर्ट इस्त्री करून जातात. आधी त्यांचा काढा ना एक."

"थांब, बघू. चाळीसचा डावा कोपरा मऊ वाटतोय."

मऊ! घरी पडद्यावर चौपट मोठं करून, नाक लावून तो माझा कोपरा बघत होता. मधलं सगळं धारदार, ते कुणाला दिसत नाही. आणि कोणाच्या घरी फोटोचे कोपरे बघतात हो? पाहुणा आला तर "हा कोण?" विचारतो की "हा कोपरा कसा?" विचारतो? पण ऐकतो कोण. रोज नवा काथ्याकूट. दुकानात शर्ट मात्र रोज तोच, इस्त्री रोज ताजी.

चौदाव्या दिवशी निकाल लागला. पन्नास जिंकली, तेही केसाच्या फरकानं. मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण म्हटलं, असू दे, म्हाताऱ्याचा फोटो तरी निघेल.

दुसरा दिवस तोच रविवार. थांबबघू एकट्या पन्नासला घेऊन दुकानात गेला. पुढचं मला तिनंच सांगितलं, तेही मान खाली घालून. तिच्यात माझ्यापेक्षा कमी मावतं, आणि दुकान ते केवढं! हा शटरला पाठ टेकून उभा राहिला तरी बाबांचा चेहरा घेतला की हात कापले जात होते, हात घेतले की चेहरा. पंधरा दिवस भिंत मोजली, दुकान मोजलं नाही.

"थांबा बाबा, चाळीस घेऊन येतो. वीस मिनिटं."

"अरे, आहे तिनंच काढ. बाहेर पायरीवर उभा राहा हवं तर."

"नाही, नीट काढू."

आणि तो घरी आला, मला उचललं, पळाला. तुम्हाला खरं सांगते, पंधरा दिवस मी याचीच वाट बघत होते, की मला निवडावं. पण त्या क्षणी मी पिशवीत ओरडत होते, "अरे गाढवा, मला नको आणूस! तिथंच काढ!"

आम्ही पोचलो तेव्हा मजुरांनी टेबल बाहेर काढून टेम्पोत चढवलं होतं. दिवा उतरवला होता. बाबा जिन्याच्या पायरीवर मांडीवर टेबलाचा खण घेऊन बसले होते, इस्त्रीच्या शर्टाला धूळ लागलेली. भिंतीवर ते वर्तमानपत्र मात्र चारही टाचण्यांसकट जागच्या जागी. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

संध्याकाळी थांबबघू चाचणीचे फोटो पुसत बसला होता. दोनशेच्या वर. बाबा पाणी प्यायला आले आणि त्याच्या खांद्यामागे उभे राहिले.

"थांब," ते म्हणाले. "बघू."

पडद्यावर माझा फोटो होता. वर्तमानपत्र, आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक हात. चिमटा धरलेला, नखाएवढं बायकी घड्याळ उघडं.

"हा माझा हात," बाबा म्हणाले. "शाळेतल्या बाईंचं घड्याळ ते. शेवटचं. चांगला आलाय रे."

थांबबघू उठला, मला कॅमेऱ्यावर चढवलं. "बाबा, बसा ना. आत्ता काढतो."

"आता कसला? टेबल कुठंय?" बाबा हसले. निळा शर्ट काढून त्यांनी खुंटीला लावला आणि बनियनवर आत निघून गेले.

तो एक फोटो तेवढा त्यानं पुसला नाही. दोनशे फोटोंतून बाबांचा निघाला तो एक हात. माझ्या त्याच कोपऱ्यात, मऊ म्हणून हिणवलेल्या!

दुसऱ्या दिवशी मला आणि पस्तीसला खोक्यात घालून परत केलं. आता मी दुकानाच्या काचेमागे आहे, अंगावर 'उघडलेला माल' अशी चिठ्ठी. रोज कुणीतरी येतं, मला उलटीपालटी करतं आणि विचारतं, "ही बरी की पन्नास?"

बाबांनो, कुठलीही घ्या. मला घ्या, तिला घ्या, डोळे मिटून हात लागेल ती घ्या. फक्त आधी घरी जाऊन बघा, कोणी इस्त्रीचा शर्ट घालून बसलंय का.