गिळ्याला पोट नाही

थॉर्नचेस्टरच्या कॅथीड्रलवर दगडी तोंडं पुष्कळ होती, पण गावाला धाक होता तो एकाचाच. उत्तरेच्या भिंतीवर, छपराच्या कडेला तो मान पुढे काढून बसलेला असे. बेडकाचा जबडा, माकडाचे कान, आणि काम एकच, छपरावरचं पावसाचं पाणी घशातून लांब खाली ओकायचं. मोठी माणसं त्याला गार्गॉइल म्हणत. पोरं म्हणत गिळ्या. "झोपतोस की बोलावू गिळ्याला?" एवढं म्हटलं की गावातलं कुठलंही पोर गपकन पांघरुणात शिरायचं.

ही भीती दुधाच्या दातांबरोबर पडून जायची. मग तीच पोरं गिळ्यावर चिखलाचे गोळे मारायला लागत. टॅमसिन लकेट मात्र बारा वर्षांची झाली तरी दर शुक्रवारी त्याच्यासाठी पाव नेत होती. कारण गिळ्याने तिच्या बापाला गिळलं होतं.

जोरी लकेट कॅथीड्रलवर पाथरवट होता. टॅमसिन अगदी लहान असताना एका सकाळी तो कामाला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. आई तर तिला जन्म देतानाच गेलेली. उरली फक्त व्हेरिटी आत्या. आत्याचा हात पावाला चांगला आणि डोकं सदा पुस्तकात. पुस्तकंही कसली, तर पडके किल्ले, कुलूपबंद खोल्या, भिंतीत चिणलेल्या नवऱ्या आणि मेणबत्त्या विझवत फिरणारे मेलेले पाद्री. जेवणं आटोपली की ती हे सगळं मोठ्याने वाचायची, आणि टॅमसिन जीव मुठीत धरून ऐकायची. तर या आत्याला पोरीने विचारलं, बाबा कुठे आहे? आत्या खिडकीतून उत्तरेच्या भिंतीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "गिळ्याने गिळलं गं त्याला. पण चावलं नाही हं. आत बसून आहे तो."

"मग गिळ्याला दुसरं काही खायला दिलं तर?"

"तर कशाला चावेल?" आत्या म्हणाली, आणि तिथेच फसली.

तेव्हापासून घरातला सगळ्यात चांगला केशराचा पाव, मनुका भरपूर असलेला, शुक्रवारी उत्तरेच्या भिंतीखालच्या चपट्या दगडावर जायचा. टॅमसिनने त्या पावाचा तुकडा कधी तोंडात टाकला नाही. पाव ठेवायची, मान वर करून "चावू नकोस हं" म्हणायची आणि शाळेत जायची. संध्याकाळी बघावं तर दगड रिकामा. आणखी काय पुरावा हवा?

राज्याभिषेकाच्या वर्षी थंडी अशी पडली की गिळ्याच्या मानेला तडा गेला. मुख्य पाथरवट ट्रेगर यांनी ठरवलं, सोमवारी तोडायचा आणि नवा बसवायचा. टॅमसिनने हे ऐकलं. शुक्रवारचा पाव ठेवून ती थेट पाथरवटांच्या छपरीत शिरली.

"ट्रेगर काका, हातोडा मारू नका. हळू काढा. आत माणूस आहे."

पाथरवटांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने चहाच्या मगात तोंड खुपसलं. ट्रेगर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हळूच काढू हो, बाळ." पण ते एकमेकांकडे पाहणं तिला दिसलं होतं. यांच्यावर काही भरवसा नाही, आपल्यालाच काय ते करायला हवं, असं ठरवून ती शाळेला न जाता तिथेच पिंपाआड दबा धरून बसली. दुपारी सगळे खायला गेले तशी परांचीची शिडी धरून वर चढली. खाली बघायचं नाही एवढंच तिने ठरवलं होतं.

गिळ्या जवळून तसा म्हातारा आणि केविलवाणा दिसत होता. नाकावर शेवाळ, डोळ्यात पाखरांची घाण. टॅमसिनने डोळे मिटले आणि त्याच्या जबड्यात हात घातला, पार खांद्यापर्यंत.

"बाबा, हात धर."

ओलं शेवाळ. एक पीस. घशाला आतून लावलेलं थंडगार शिसं. तिने वाकून आत पाहिलं, तर घशाच्या पलीकडे छपराची पन्हळ होती आणि पन्हळीच्या पलीकडे आभाळ. मध्ये काहीच नव्हतं. गिळ्याला पोटच नव्हतं.

ती तशीच बसून राहिली असती. पण खाली पावलं वाजली, आणि ठरवलेलं विसरून तिने खाली पाहिलं. घंटा वाजवणारे होस्कन चपट्या दगडापाशी आले होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पाव उचलला, मोडला आणि अर्धा छपरीच्या दारातल्या पाथरवटाला दिला.

"आज केशर कमी पडलंय," होस्कन घास चावत म्हणाले. "व्हेरिटीबाईंना सांगायला हवं."

"सांगा की. आपल्यासाठीच तर भाजतात," पाथरवट म्हणाला, आणि दोघे हसले.

टॅमसिन कशी उतरली ते तिचं तिला कळलं नाही. घरी आत्या पीठ मळत होती.

"आत्या, गिळ्याला पोट नाही."

आत्याचे हात पिठातच थांबले.

"बाबा कुठे आहे?"

"कॅनडात." आत्याचा आवाज इतका बारीक टॅमसिनने कधी ऐकला नव्हता. "डेअरीतल्या एका बाईबरोबर गेला. जाताना पत्ता पण ठेवला नाही."

"आणि गावाला माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"मग मलाच का शेंडी लावलीस? हसत होते गं ते! माझा पाव खाऊन हसत होते!"

आत्या पिठाच्या हातांनीच खुर्चीत बसली. "भिंतीने गिळलेल्या माणसाची गोष्ट मला सांगता येत होती, टॅमी. तसल्या पुष्कळ वाचल्यात. पोटच्या पोरीला टाकून जाणाऱ्या भावाची कशी सांगतात, ते कुठल्या पुस्तकात सापडलंच नाही."

टॅमसिन कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन रडली. बापासाठी रडली, मग स्वतःसाठी, आणि शेवटी चक्क त्या सगळ्या मनुकांसाठी. तोवर तिला एवढा राग आला होता की रडायला जागाच उरली नाही.

थॉर्नचेस्टरमध्ये एक रीत होती. नव्या गार्गॉइलला गावातल्याच जित्या माणसाचा चेहरा द्यायचा. चेहरा पाथरवट निवडत, चिडवायला म्हणून. ज्याचा चेहरा, त्याने वर चढून पहिलं पाणी ओतायचं. या खेपेला कॅथीड्रलचे प्रमुख पाद्री डीनसाहेब, त्यांचं नाक नक्की, असं गाव धरून चाललं होतं. सोमवारी टॅमसिन छपरीच्या दारात उभी राहिली.

"चेहरा माझा करा."

"तुझा?" ट्रेगर हसले. "अगं, गार्गॉइल कुरूप लागतं."

"होते की." तिने दोन बोटांनी तोंड फाकवलं, जीभ हनुवटीपर्यंत काढली आणि डोळे फिरवले. छपरी हसून लोटपोट झाली. होस्कन तर खोकायलाच लागले.

"हसा, होस्कन काका," टॅमसिन तोंड पुसत म्हणाली. "केशर पुरलं ना?"

होस्कनना कुठे बघावं ते कळेना. ट्रेगरनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि खडू हातात घेतला.

"तेच तोंड कर, पोरी. आणि हलू नकोस."

जूनमधल्या एका शुक्रवारी नवं तोंड बसलं. समारंभाच्या खुर्च्या मी मांडते, असं टॅमसिन आपणहून म्हणाली. किती गुणाची पोर, म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. गिळ्याची पिचकारी नेमकी कुठे पडते हे गावात एकाच माणसाला ठाऊक होतं. पाव ठेवायला पावसातही तीच जायची ना! खुर्च्या तिथेच लागल्या. पहिल्या रांगेत डीनसाहेब, होस्कन, ट्रेगर, शाळेच्या बाई, आणि मधोमध ठेवणीतली हॅट घातलेली व्हेरिटी आत्या, मांडीवर पुस्तक.

डीनसाहेब भाषणाला उभे राहिले. "बंधुभगिनींनो," एवढंच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

वरून बादली रिकामी झाली. दगडी टॅमसिनने जीभ काढून सगळं पाणी पहिल्या रांगेवर ओकलं.

डीनसाहेबांचं भाषण कागदासकट वाहून गेलं. आत्याची हॅट कानांवर आली. मग वरून टॅमसिन ओरडली, साऱ्या चौकाला ऐकू जाईल अशी.

"आत्या! हिलाही पोट नाही! हिच्या पोटात काही राहायचं नाही! यापुढे खरं तेच बाहेर येणार!"

आणि तिने दुसरी बादली ओतली.

पहिली हसली ती आत्या. हसता हसता रडली, चिंब पुस्तक बाजूला ठेवून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी टाळ्या पिटू लागली. मग सगळा चौक हसला. टॅमसिनवर नव्हे, होस्कनच्या ठिबकणाऱ्या मिशांवर. कालपर्यंत तिला पाववाली म्हणणारी पोरं आता "टॅमसिन! टॅमसिन!" करून नाचत होती. टॅमसिनला वाटलं, आपण जिंकलो. बाबा नव्हता आणि येणारही नव्हता. तरीही आपण जिंकलो.

ती आपल्याच दगडी मानेवर दोन्हीकडे पाय सोडून बसली आणि तिने खिशातून शुक्रवारचा पाव काढला.

"आम्हाला नाही का गं?" खालून होस्कननी टोपी पिळत विचारलं.

"हवा असेल तर या चढून!"

कुणी चढलं नाही. टॅमसिनने पाव शेवटच्या मनुकेपर्यंत एकटीने खाल्ला. केशर मुळीच कमी नव्हतं.