उत्कर्षाचा काना

मी एक जुने नावांचे पुस्तक आहे, मित्रांनो. माझ्या मुखपृष्ठावर पाळण्यातल्या बाळाचे चित्र होते, ते कुणीतरी कात्रीने कापून नेले. ज्या व्यक्तीवर माझा संशय आहे, तिचे नाव मी सांगणार नाही. आयुष्यभर मी नावेच सांगत आलो, एवढे एक राहू द्या.

माझा जन्म १९९२ साली नारायण पेठेतल्या एका लहानशा छापखान्यात झाला. त्या वेळी मोठ्या छापखान्यांत नवी यंत्रे आली होती, पण आमच्याकडे धोंडिबा नावाचे गृहस्थ अजून शिशाची अक्षरे हाताने एकेक उचलून ओळी जुळवत असत. चार हजार नावे त्यांनी जुळवली. पुढच्या अर्ध्या भागात मुलांची, मागच्या अर्ध्या भागात मुलींची. प्रत्येक नाव ते दोनदा तपासत. मालक घाई करू लागले की म्हणत, "साहेब, पुस्तकात चूक झाली तर शुद्धिपत्र लावता येतं. पोराच्या नावात झाली तर काय लावायचं?"

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात मी दोन वर्षे होतो. तिथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मला हातात घेणारी माणसे एकमेकांवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. नवरा माझी पाने उलटू लागला की बायको माझ्याकडे पाहत नसे, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत असे. कोणत्या मुलीच्या नावापाशी तो जास्त वेळ थांबतो, ते तिला पाहायचे असे. तेव्हापासून मीही थोडा संशयी झालो. कुणी पेन्सिल घेऊन माझ्याजवळ आले की मला धाकधूक वाटते.

१९९४ साली मला रंगरावांनी विकत घेतले. ते यवतमाळकडचे निवृत्त शिक्षक. त्यांचा मुलगा संतोष कारखान्यात नोकरीला लागला म्हणून ते पत्नी द्वारकाबाईंसह कोथरूडला राहायला आले होते. संतोषची बायको दीपमाला हिला दिवस गेले होते. रंगरावांनी घरी येताच चष्मा पुसला, शाळेतली लाल पेन्सिल काढली आणि मुलांच्या भागात 'उत्कर्ष' या नावापुढे ठळक खूण केली. मुलींच्या भागाकडे त्या दिवशी कुणीच गेले नाही. मी वाट पाहिली, पण नाही.

पुढे मुलगी झाली.

दीपमाला दवाखान्यातून घरी आली, त्या दिवसाची गोष्ट. द्वारकाबाईंनी मला नवऱ्याच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "पोरीसाठी दुसरं पाहा जी. हे नाव राहू द्या पुढच्यासाठी."

संतोष खिडकीतून बाहेर पाहू लागला. दीपमालाने मात्र अंथरुणावरून हात पुढे केला. "बाबा, ते पुस्तक द्या जरा."

तिने माझे चौदावे पान उघडले. उशाशी निळे पेन होते, ते घेतले आणि 'उत्कर्ष'च्या पुढे एक उभी रेघ ओढली. एक काना. ती आडवी पडूनच लिहीत होती, म्हणून रेघ थोडी वाकडी आली.

"हिचं नाव उत्कर्षा," ती म्हणाली. "पुढच्याचं पुढे बघू."

द्वारकाबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या. मला मिटून कपाटात ठेवले गेले आणि सात वर्षे मी तिथेच होतो.

२००१ साल उजाडले. संतोष कारखाना सोडून एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. दीपमालाला पुन्हा दिवस गेले आणि घरात एकच वाक्य सारखे ऐकू येऊ लागले, 'उत्कर्षाला जुळेल असं नाव हवं.' संतोषने कचेरीतून इंटरनेटवरच्या तीनशे नावांची छापील यादी आणली. ती माझ्या शेजारी ठेवली गेली. तिला ना वास होता ना पाठपुठ्ठा. मला तिचा भरवसा वाटला नाही.

एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या तुळजाबाई चहाला आल्या. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी होती, ती पूर्वी त्यांच्या घरची शेती होती. त्यामुळे सोसायटीतल्या प्रत्येक घरात त्यांचा शब्द चाले.

"एवढा इचार कशापायी करताय?" त्या म्हणाल्या. "थोरली उत्कर्षा हाय, तर धाकटा उत्कर्ष ठिवा की! बसतंय का नाय जोडीला?"

द्वारकाबाईंचा चेहरा उजळला. "मी तर केव्हाची म्हणून राहिली. ते नाव त्याच्यासाठीच तर होतं."

उत्कर्षा तिथेच जमिनीवर बसून पाढे लिहीत होती. तिची पेन्सिल थांबली, ते मला कपाटाच्या फटीतून दिसले. त्याच्यासाठीच होतं, म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाले असताना तिने खुर्चीवर चढून मला काढले. आधी मुलींचा भाग उघडला. उज्ज्वला, उत्तरा, उमा, उर्मिला, उल्का, उषा. बोट ठेवून तिने उ ची सगळी नावे वाचली. मग पुन्हा वाचली. उत्कर्षा तिथे नव्हते. माझ्या काळी मुलींना ते नाव कुणी ठेवत नसे, म्हणून ते छापलेच नव्हते. मित्रांनो, मला त्या क्षणी इतके ओशाळल्यासारखे झाले!

मग ती मुलांच्या भागात गेली. चौदावे पान. लाल खूण, 'उत्कर्ष' आणि त्याच्यापुढे निळ्या शाईची वाकडी रेघ.

सात वर्षांच्या मुलीने त्यातून जे समजायचे ते समजून घेतले. नाव मुलाचे होते. मुलगा आला नाही, म्हणून एक रेघ जोडून ते तिला वापरायला दिले होते. आता मुलगा येणार, म्हणजे ते परत घेतले जाणार.

तिने खोडरबर आणला आणि काना खोडू लागली. पेनाची शाई रबराने जात नाही. तिने जोर केला, कागद झिजला आणि त्या जागी डाळीच्या दाण्याएवढे भोक पडले. ती घाबरली. मला तिने खाकी कागदाचे कव्हर घातले, वर 'परिसर अभ्यास' असे लिहिले आणि दप्तरात टाकले.

घरात माझा शोध सुरू झाला. द्वारकाबाईंना खात्री वाटली की, सुनेने मला माहेरी पाठवले आणि नाव तिकडेच ठरवले जात आहे. दीपमालाला वाटले, सासूबाईंनी मला कुणा ज्योतिषाकडे नेऊन दिले. रंगरावांनी रद्दीवाल्याला दारात अडवून त्याचे पोते रिकामे करायला लावले. संतोष घरी आला की दोघी त्याला वेगवेगळ्या खोल्यांत बोलावून वेगवेगळ्या गोष्टी सांगत. एके दिवशी दीपमालाने पाहिले, तर तिची माहेरची पिशवी कुणीतरी उलटीपालटी केलेली होती. त्या रात्री ती जेवली नाही. आणि मी दोन पावलांवर, गणिताच्या पुस्तकाखाली होतो. ओरडता आले असते तर ओरडलो असतो.

शेवटी शाळेतून चिठ्ठी आली. दीपमाला जड पावलांनी बाईंना भेटायला गेली. उत्कर्षाचे दप्तर, आत माझ्यासकट, बाईंच्या टेबलाशेजारीच होते. बाईंनी दीपमालापुढे पाच वह्या ठेवल्या. पाचही वह्यांवरचे नाव खरवडून काढलेले होते.

"मी तिला विचारलं, नाव का लिहीत नाहीस?" बाई म्हणाल्या. "तर म्हणते, माझं नाव अजून ठरलेलं नाही. घरी काही झालंय का?"

दीपमाला घरी आली ती चपला न काढताच आत आली. तिने दप्तर उघडले, वह्या काढल्या आणि मीही बाहेर आलो. खाकी कव्हर, त्यावर मुलीचे अक्षर. तिने ते सोडवले. मी आपोआप चौदाव्या पानावर उघडलो, कारण तिथे मला सारखे दाबले गेले होते. भोक पाहून ती खाली बसली.

"हे तू केलंस?"

"ते नाव माझं नाहीये," उत्कर्षा म्हणाली. "ते त्याचं आहे. मी नुसतं वापरत होते."

दीपमालाने तिला जवळ घेतले आणि सगळे सांगितले. आधी खूण कुणी केली, मग काय झाले, काना कुणी दिला आणि का दिला. "ते तुला उरलेलं म्हणून नाही दिलं गं. मी ते तुझ्यासाठी मागून घेतलं."

मला वाटले, आता ही रडेल आणि आईच्या गळ्यात पडेल. तसे झाले नाही. तिने आईकडे बारकाईने पाहिले.

"तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस."

"नाही गं."

"मग आजोबांनी का नाही सांगितलं? तुळजाआजी म्हणाल्या तेव्हा तू का नाही बोललीस?"

खरी गोष्ट सांगूनही कुणी विश्वास ठेवत नाही, तेव्हा माणूस किती एकटे पडते ते मी त्या दिवशी पाहिले.

स्वयंपाकघराच्या दारात द्वारकाबाई उभ्या होत्या. हाताला कणीक तशीच होती. किती वेळ उभ्या होत्या, कुणास ठाऊक.

"खोटं नाही बोलून राहिली तुझी माय," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं होतं, नाव राखून ठेवा म्हणून. तिनं नाही ठेवू दिलं."

उत्कर्षा त्यांच्याकडे वळली. "मग आता पण राखून ठेवलंय का?"

द्वारकाबाईंना नाही म्हणता आले असते. ते सोपे होते.

"ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "आतापर्यंत ठेवलं होतं. चुकलंच माझं." आणि मग सुनेकडे न पाहता, "तुझी पिशवी मीच उचकली, दीपमाला. पुस्तकासाठी."

दीपमाला हळूच म्हणाली, "मी तुमच्या ट्रंकेत पाहिलं होतं, आई."

त्यावर कुणी हसले नाही, पण त्या रात्री सगळे एकत्र जेवले.

आता नाव उत्कर्षानेच निवडायचे ठरले. तिने अट घातली, बाळाच्या नावात तिच्या नावातले एकही अक्षर चालणार नाही. रंगराव मला मांडीवर घेऊन वाचू लागले.

"सुदर्शन?"

"सु ला उकार आहे. आणि र पण."

"विश्वजीत?"

"त."

"ही तर माझ्यापेक्षा कडक परीक्षक निघाली," रंगराव म्हणाले. आठ दिवस असे गेले. ती प्रत्येक नाव पाटीवर लिहून तपासत असे आणि आजोबा एखादे अक्षर गाळत तर नाहीत ना, म्हणून मधूनच माझ्यात डोकावून पाहत असे. एके दिवशी ते परत पहिल्या पानावर आले.

"अभय?"

तिने पाटीवर लिहिले. काही सापडले नाही. "म्हणजे काय?"

"ज्याला कुणाचं भय नाही, तो."

तिने पाटीवरच्या नावाभोवती चौकट काढली. "हे चालेल," ती म्हणाली. "त्याला नको वाटायला भीती."

"उत्कर्षाले जुळत नाही ते," द्वारकाबाईंच्या तोंडून निघून गेलेच. तेव्हा दीपमाला गॅलरीत गेली आणि खाली पोरे खेळत नसतानाही मोठ्याने हाक मारली, "उत्कर्षा, अभय, जेवायला या!" शेजारच्या इमारतीतून दोन माणसे डोकावली. रंगराव म्हणाले, हाकेत नीट बसते. एकाच्या हाकेला दुसरे धावून येणार नाही, याहून काय जुळायचे असते?

"आणि मुलगी झाली तर?" संतोषने विचारले.

"तर पुन्हा पहिल्यापासून," उत्कर्षा म्हणाली.

मुलगाच झाला. बाराव्या दिवशी बारसे होते. संतोषला बहीण नव्हती, म्हणून कानात नाव सांगायचा मान बाळाच्या बहिणीला मिळाला. पण तिच्या आधी द्वारकाबाई पाळण्यावर वाकल्या आणि बाळाच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. ते बरेच लांबले. उत्कर्षा बायकांच्या घोळक्यातून घुसली.

"काय सांगितलंस त्याला?"

"सांगितलं, तुझी ताई लय संशयी हाये. जपून राह्य."

सगळ्या बायका हसल्या. उत्कर्षा हसली नाही. तिने आजीचा चेहरा नीट पाहून घेतला, मग पाळण्यावर वाकली. "कुर्रर्र. तुझं नाव अभय," ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "माझं नाव उत्कर्षा."

त्यानंतर मला फारसे काम उरले नाही. नावे शोधायला घरोघरी संगणक आले. काही वर्षे मी माळ्यावर होतो, आता सोसायटीच्या वाचनालयाच्या खालच्या कप्प्यात आहे. चौदाव्या पानावरच्या भोकावर दीपमालाने चिकटपट्टी लावली होती, ती पिवळी पडली आहे.

गेल्या वर्षी एक तरुण जोडपे मला घेऊन बाकावर बसले होते. चौदावे पान आले तेव्हा ती म्हणाली, "हे बघ, कुणीतरी रागाने खोडलंय. काहीतरी वाईट झालं असणार. नको हे नाव." आणि तिने पान उलटले. मित्रांनो, माझ्यापाशी लाल खूण होती, निळ्या शाईचा ठिपका होता, भोक होते. त्यांच्यामागची हकिगत मात्र माझ्या कुठल्याच पानावर नव्हती.

म्हणून तुम्हाला एवढीच विनंती आहे. पुस्तकांची पाने फाडू नका, त्यांच्यावरची चित्रे कापून नेऊ नका. आपल्या नावाविषयी किंवा घरातल्या आपल्या जागेविषयी मनात शंका आली, तर ती दप्तरात लपवून ठेवू नका. विचारा. पहिल्या उत्तरावर विश्वास बसला नाही, तर दुसऱ्या माणसालाही विचारा. आणि मोठे होऊन कधी माझ्यासारख्या पुस्तकात एखाद्या नावापुढे खूण केलीत, तर ती का केली, तेही शेजारी दोन शब्दांत लिहा.